कारलं औषध केव्हा असतं

तुमच्या बाबांच्या टेबलावर जी हिरव्या झाकणाची बाटली आहे, तिचा फोटो तुम्ही मला पाठवलात आणि खाली लिहिलंत, "आजी, काळजी करू नकोस, हे हर्बल आहे." मी चष्मा लावून लेबल वाचलं. त्यात कारलं होतं, मेथी होती आणि गुडमार होती. तुमच्या बाबांच्या साखरेच्या गोळ्या शेजारीच होत्या. मग माझी काळजी वाढली, कारण ही मंडळी मला फार जुनी ओळखीची. तुमच्या पणजोबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पोटात त्यांतली बरीचशी एकाच वेळी जमली होती. तो प्रसंग सांगते. मला अगोदरचं अगोदर आणि नंतरचं नंतर सांगायची सवय आहे, तेव्हा मध्येच "पुढे काय झालं" विचारू नका.

आम्ही नंदुरबारजवळ कोरीटला राहत होतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला तालुका होता. मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कापसाची आणि केळीची शेती होती. मी धुळ्याहून लग्न होऊन आले होते, इंग्रजीतून इंटरपर्यंत शिकले होते. या शिक्षणाचा सासरी उपयोग काय, हे पहिली काही वर्षं कोणालाच कळलं नाही. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं आणि शिवणयंत्राच्या पेटीतल्या कागदावरचं वाचून दाखवणं, एवढंच काम माझ्याकडे होतं.

साठ साल उलटून गेल्यावर कधीतरी मामंजी वाळायला लागले. धोतर कमरेवर टिकेना. पाणी प्यायचे आणि पुन्हा पाणी मागायचे. नंदुरबारच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, इंजेक्शनची गरज नाही म्हणाले आणि नव्या निघालेल्या गोळ्या दिल्या. गोळ्यांच्या बाटलीत घडी घातलेला इंग्रजी कागद होता. तो अर्थातच माझ्याकडे आला. त्यात लिहिलं होतं की साखर फार उतरली तर घाम येतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, भलतंसलतं बोलतो. अशा वेळी लगेच साखर द्यावी. दारू पिणाऱ्यांनी जपून राहावं असंही होतं. कारल्याविषयी त्यात अक्षरही नव्हतं. ज्याने तो कागद लिहिला, त्याने फुईला पाहिलं नव्हतं.

फुई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. शेजारच्याच गावात दिलेली होती. आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नसे. शहरात फळं नेतात, आमच्याकडे औषध नेत. आणि ते नुसतं ठेवून जायचं नाही. आजाऱ्याने ते समोर घ्यायचं, पाहुण्याने ते घशाखाली उतरलेलं पाहायचं, आणि त्यानंतरच घरच्यांनी पाहुण्याला चहा द्यायचा. औषध नाकारणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं. मामंजींनी आयुष्यात कोणाला "नाही" म्हटलेलं नव्हतं. गावात त्यांना मान होता तो बराचसा याच कारणाने.

फुई पितळी तांब्यात कारल्याचा रस घेऊन आली. ओसरीवर बसली आणि तांब्या भावापुढे सरकवला.

"पी ले. मी दखस, मंगच चहा पिसू."

मामंजी प्यायले. डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत. फुई समाधानाने चहा प्यायली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पावसाळा लागल्यापासून ती रोज अशी येत होती.

त्यानंतर मामंजींचे साडू आले. ते मोलगीच्या बाजारात डिंक आणि चारोळी घ्यायचे. त्यांनी डोंगरातून एका वेलीचा पाला आणला. त्याला आमच्याकडे बेडकीचा पाला म्हणत. तुमच्या बाटलीवर तोच गुडमार या नावाने आहे. त्याची गंमत अशी की तो चावला की काही वेळ जिभेला गोड कळतच नाही. साडूंनी घरातल्या सगळ्यांना एकेक पान चावायला लावलं आणि वर चिमूटभर साखर दिली. तोंडात वाळू टाकल्यासारखं वाटलं. सगळे हसले. साडू म्हणाले, "जिभवरली साखर मारस, मंग आंगमानी मारणार नई का?" या युक्तिवादावर ओसरीवरच्या एकाही माणसाला शंका आली नाही.

धडगावच्या कचेरीत कारकून असलेले मामंजींचे एक दोस्त होते. त्यांनी बिवळ्याच्या लाकडाचा पेला पाठवला. त्यात पाणी ठेवलं की सकाळपर्यंत त्याला चहासारखा रंग चढायचा. ते अनशापोटी प्यायचं. दोस्त स्वतः आले नव्हते, म्हणून मामंजींना ते चुकवता आलं असतं. पण त्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून तेही रोज चाललं.

डॉक्टरांच्या गोळ्याही चालूच होत्या. त्या कोणी पाहुण्याने आणल्या नव्हत्या, त्यामुळे त्या घेताना कोणी समोर बसत नसे एवढाच फरक.

महिन्याने आम्ही नंदुरबारला तपासणीला गेलो. मी पडद्याबाहेरच्या बाकावर सासूबाईंजवळ बसले होते. आत डॉक्टरांनी विचारलेलं स्वच्छ ऐकू आलं, "माझ्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध घेता का?"

"नई साहेब," मामंजी म्हणाले. "दुसरं काहीच नई. तुमन्याच गोया."

मी सासूबाईंकडे पाहिलं. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "मामंजी, कारल्याचं सांगायला हवं होतं."

त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. "ते काय औषध शे? घरनं कारलं शे."

"आणि पाला?"

"पाला तं पाला शे."

ते खोटं बोलले नव्हते. आमच्या घरात औषध म्हणजे बाटलीतून येतं आणि पैसे देऊन घेतात ते. परसातलं, डोंगरातलं, बहिणीच्या तांब्यातलं, ते औषध कसं असेल? मी यजमानांना, म्हणजे तुमच्या आजोबांना, पुन्हा आत जाऊन सांगायला सांगितलं. ते गेले आणि परत आले. डॉक्टर हसून म्हणाले होते, "कारलं? खाऊ द्या की, चांगलंच आहे." डॉक्टरांनी भाजी समजली होती. रोजचा तांब्या त्यांनीही पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी लघवी तपासायला एक निळं औषध आणि काचेची नळी दिली होती. मागच्या दारी स्पिरिटच्या दिव्यावर ते तापवायचं काम माझं होतं. इंग्रजी शिक्षणाला शेवटी काम मिळालं. पहिल्यांदा नळी विटेसारखी लाल झाली होती. आता हिरवी झाली आणि नंतर निळीच राहिली. निळी म्हणजे साखर नाही.

ती नळी मी ओसरीवर आणून दाखवली, आणि नंतर मला वाटलं की दाखवली नसती तर बरं. फुई म्हणाली, कारल्याने झालं. साडू म्हणाले, पाल्याने झालं. धडगावला निरोप गेला, तिथून उत्तर आलं की पेल्याचा गुण येणारच. गोळ्यांचं नाव कोणी घेतलं नाही. मामंजी प्रत्येकाला म्हणत, "तुन्हाच गुण आला," आणि ते प्रत्येकाला खरं वाटत असे.

मग श्रावण आला. मामंजी श्रावणी सोमवार कडक धरायचे. दिवसभर काही खायचं नाही, सूर्य मावळल्यावर जेवायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळी घेतली की वेळेवर खायलाच हवं. मी हे सकाळी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, संध्याकाळी खाणारच आहे, एका दिवसाचा काय प्रश्न? मग प्रश्न निघाला तो निराळाच: गोळीने उपास मोडतो का? सासूबाई म्हणाल्या, औषधाने मोडत नाही. गोळी घेतली. पेल्यातलं पाणी तर पाणीच, तेही गेलं. पाला चावायचा होता, पण गिळायचा नव्हता, म्हणून तोही चालला. राहिला फुईचा तांब्या. ती तो घेऊन दारात उभीच होती.

"कारलं उपासाला चालत नाही," मी म्हटलं. मला वाटलं, या वाटेने तरी ते एक दिवस थांबेल.

फुईने माझ्याकडे अडाणी मुलीकडे पाहावं तसं पाहिलं. "भाजी करी तं उपास मोडस. रस काढा तं औषध."

म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत जे औषध नव्हतं, ते महादेवापुढे औषध झालं. दोन्हीकडे कारल्याचाच फायदा झाला. मामंजी प्यायले.

दुपार कलल्यावर ते ओसरीवर बसले होते. फुई आणि सासूबाई समोर कापसाच्या वाती वळत होत्या. मी आतून पाहिलं तर मामंजींचा सदरा पाठीला चिकटलेला होता. पाऊस पडून गेल्यावरचा गारवा होता, घाम यायचं कारण नव्हतं. ते वाती पाहत होते आणि एकदम ओरडले, "हाई काय चालू शे? ऊठ! जाय तुन्हा घर! अन् ते कारलंबी लई जाय!"

वाती फुईच्या हातातून खाली पडल्या.

"वहिनी, आयकं का? मन्हा भाऊ माले घरमाईन काढी ऱ्हायना!"

ज्या माणसाने कधी कोणाला "नाही" म्हटलं नाही, त्याने थोरल्या बहिणीला हाकललं, म्हणजे हा आजार आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांना वाटलं, इतके दिवस मनात होतं ते आज बाहेर आलं. फुई रडायला लागली. सासूबाई नवऱ्याला बोलायला लागल्या. आणि मामंजी उठायला गेले ते भिंतीला धरून खाली बसले. त्यांचे हात सुपातल्या दाण्यांसारखे हलत होते.

मला तो इंग्रजी कागद ओळीने आठवला. मी आत जाऊन पेल्यात साखर घातली, पाणी ओतलं, ढवळत बाहेर आले.

फुईने रडणं थांबवलं. "काय शे त्यामा?"

"साखर."

"साखर? साखरना रोगवाला माणूसले साखर? वहिनी, तुन्ही सून डोकावर पडेल शे का? मारी टाकी त्याले!"

"साखर उतरली आहे म्हणून होतंय हे, फुई. नाही दिली तर शुद्ध जाईल."

"महिनाभर उतरावाले आम्ही मरी ऱ्हायनूत, अन् उतरनी तं तू चढावाले बसनी!"

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं, एवढं मी आज कबूल करते. त्या घरात सगळ्यांनी मिळून ती साखर उतरवली होती, आणि ती कुठे थांबवायची हे कोणी ठरवलं नव्हतं. पण त्या वेळी मी वाद घातला नाही. पेला मामंजींच्या तोंडाला लावला. त्यांनी एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"रेती पाजी ऱ्हायनी का माले?"

पाला! थोड्या वेळापूर्वी त्यांनी पुन्हा पान चावलं होतं. जिभेवर साखर वाळूच झाली होती. जी गोष्ट त्यांचा जीव वाचवणार होती, ती त्यांना माती वाटत होती, आणि चिडलेल्या माणसाला हे समजावून सांगायला वेळ नव्हता. त्यांनी माझा हात झटकला. अर्धा पेला माझ्या लुगड्यावर सांडला. त्यांचे डोळे जड व्हायला लागले होते.

तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि माझ्यावर त्यांचा फार विश्वास होता असंही नाही. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर खोचला.

"आन तो गिलास. बैलले पाजस तसं पाजस मी याले."

त्यांनी एका हाताने मामंजींची हनुवटी वर धरली, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं पाणी आत सोडलं, आणि प्रत्येक घोटाला गळ्यावरून बोटं फिरवली. आजारी बैलाला असंच पाजतात. मामंजी शुद्धीवर होते म्हणून हे चाललं. शुद्ध गेलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही, हे लक्षात ठेवा. मी दुसरा पेला केला, मग तिसरा. फुई भिंतीकडे तोंड करून महादेवाचं नाव घेत होती. आपल्या भावाला आपल्यासमोर विष घालताहेत असं तिला वाटत होतं, आणि तरी ती तिथून हलली नाही.

हळूहळू त्यांच्या हातांचं थरथरणं कमी झालं. मामंजींनी आजूबाजूला पाहिलं आणि बहिणीला विचारलं, "आक्का, तू काब्र रडी ऱ्हायनी?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं.

यजमान शेतातून आले, कोणाची तरी जीप मिळाली आणि आम्ही नंदुरबार गाठलं. डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं, कारण गोळीचा असर राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते असं ते म्हणाले. मग सगळं नीट विचारलं. या वेळी "औषध" हा शब्द त्यांनी वापरला नाही. विचारलं, "सकाळपासून तोंडात काय काय गेलं?" मामंजींनी एकेक करून सांगितलं. डॉक्टरांनी डोकं धरलं.

सकाळी मंडळी भेटायला आली आणि त्या ओसरीवरच्या श्रेयाचं काय झालं ते मी पाहिलं. साडू म्हणाले, "मी तं फक्त पाला दिन्हा. बकऱ्याबी खातस." फुई म्हणाली, "कारलं खाईसन कोनी मरस का?" धडगावच्या दोस्ताचाही पुढे निरोप आला की पेल्यात तसा काही विशेष गुण नाही, लाकूडच ते. नळी निळी झाली तेव्हा सगळ्यांनी केलं होतं. माणूस पडला तेव्हा कोणीच काही केलं नव्हतं. आपला वाटा कबूल करणारे फक्त डॉक्टर होते. ते म्हणाले, "माझी गोळी तर आहेच यात."

मग ते मामंजींना जे म्हणाले, ते तुमच्या बाबांना जसंच्या तसं सांगा. "तुमचं कारलं आणि पाला खोटा असता, तर मला भीती नव्हती. त्यांनी साखर थोडीफार उतरते म्हणूनच भीती आहे. माझी गोळी मी मोजून देतो, ती एकटीच आहे असं समजून. तिच्या जोडीला आणखी कोणी काम करत असेल तर मला कळायला हवं. नाहीतर मी तुमच्याशी आंधळी कोशिंबीर खेळतोय." तुमच्या बाटलीचं झाकण कितीही हिरवं असो, ती बाबांच्या डॉक्टरांच्या टेबलावर एकदा ठेवायलाच हवी. गोळ्याही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. एवढाच माझा उपदेश आहे, पुन्हा करणार नाही.

मामंजी सगळं ऐकून म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगा ते बरोबर शे. पण पाहुण्याले नई कसं म्हनानं?"

"म्हणायचं, नको."

"तुम्ही म्हनी दखाडा," असं मामंजी हळूच म्हणाले, पण डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले होते.

श्रावण संपायच्या आत फुई पुन्हा आली. भाऊ तसं बोलला ते साखर उतरल्यामुळे, हे तिला आता पटलं होतं आणि तिने मोठ्या मनाने त्याला माफ केलं होतं. सोबत कारलं नव्हतं. फडक्यात पुडी होती: जांभळाच्या बिया, मेथी आणि निंबाची पानं वाळवून कुटलेली. तिने ती भावापुढे उघडली. आम्ही सगळे ओसरीवर होतो. मामंजींच्या कपाळावर खरोखरचा घाम आला.

"आक्का, नको. आते मी लेत नई."

फुई ताडकन उठली. "दखा! परत तसाच बोलना! वहिनी, साखर आन, बिगी बिगी!"

"आक्का, मी चांगला शे."

"त्या दिनबी तू चांगलाच व्हता!"

सासूबाई गोंधळल्या आणि त्यांनी खरंच साखरेचा डबा आणला. बिचारे मामंजी! एका बाजूला पुडी, दुसऱ्या बाजूला साखर, आणि "नको" म्हणावं तर आजार वाढल्याची खूण. मी धावत जाऊन नळी आणि दिवा आणायची तयारी केली, पण मामंजींनी मला हाताने थांबवलं. ते खाली बसले, बहिणीचा हात हातात घेतला, आणि तिसऱ्यांदा, अगदी सावकाश, म्हणाले, "आक्का, डाक्टरले ईचारावाशिवाय मी आते काहीच खात नई. तू दिन्हं तरी नई."

फुई त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिली. हे भावाचंच बोलणं आहे, आजाराचं नाही, हे तिला कळलं, आणि ते तिला जास्त लागलं. तिने चहा घेतला नाही. पुडी बांधली आणि म्हणाली, "चला मंग. डाक्टरलेच ईचारूत."

आणि ती खरंच गेली. पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही सगळे नंदुरबारला, डॉक्टरांच्या टेबलासमोर. फुईने फडकं सोडून पुडी पुढे सरकवली.

"मावशी, ठेवा इथे, मी नंतर बघतो," डॉक्टर म्हणाले.

"दखीसन काय समजी?" फुई म्हणाली. "खाईसन दखा. मी उभी शे."

डॉक्टरांनी यजमानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना "नको" म्हणायचं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. फुई पदर सावरून उभी होती, पांढऱ्या केसांची, चार कोस गाडीत हादरून आलेली. डॉक्टर एकदा खोकले. शेवटी त्यांनी चिमूटभर पूड उचलली आणि तोंडात टाकली.

त्यांचे डोळे बारीक झाले. फुईने ती पूड घशाखाली उतरेपर्यंत पाहिलं, मान हलवली आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. आता तिचं औषध योग्य माणसाने घेतलं होतं. भावाकडे तिने पुडी पुन्हा केली नाही.

"कडू शे ना, साहेब?" मामंजींनी विचारलं. त्यांनी कंपाउंडरकडून पाण्याचा पेला मागून घेतला आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे धरला.